बटण दाबल्यावर कोण जागे होणार?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० साठीची मोफत सुरक्षा अपडेट्स थांबवली. जुलै २०१५ मध्ये आलेले हे विंडोज दहा वर्षे चालले. त्याची मुदत संपली तेव्हा ते ज्या संगणकांवर होते त्यांतले कितीतरी अजून धडधाकट होते. पडदा स्वच्छ, कळफलक शाबूत, बॅटरी बदलली की पुन्हा कामाला तयार. पण विंडोज ११ त्यांच्यावर अधिकृतपणे बसत नाही. त्याला टीपीएम २.० ही सुरक्षा व्यवस्था लागते, सिक्युअर बूट लागते आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर काही अपवाद सोडता आठव्या किंवा त्यापुढच्या पिढीचा लागतो. २०१७ साली हौसेने घेतलेला सातव्या पिढीचा लॅपटॉप या यादीत नाही.

घरगुती ग्राहकांना अपडेट्सची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढवून घेण्याची सोय मिळाली, पण पुढचा प्रश्न तसाच राहिला. दुकानात विचारले तर उत्तर ठरलेले असते: नवा घ्या. ज्याला परवडेल त्याने जरूर घ्यावा. पण त्याच जुन्या यंत्रात विंडोज जिथल्या तिथे ठेवून शेजारी लिनक्स ही फुकट मिळणारी प्रणालीही बसवता येते आणि दर वेळी संगणक चालू करताना दोहोंपैकी कोणती प्रणाली हवी ते निवडता येते. यालाच ड्युअल बूट म्हणतात. इंजिनिअरिंगच्या वसतिगृहांत हा प्रकार कित्येक वर्षे सर्रास चालत आला आहे. एप्रिल २०११ पर्यंत उबुंटू या लिनक्सच्या एका प्रकाराची सीडी मागणी केली की जगभर फुकट टपालाने घरी येई, आणि ‘पीसीक्वेस्ट’सारखी भारतीय मासिकेही अंकाबरोबर लिनक्सच्या सीडी देत. त्या सीडींवरच एका पिढीने हे शिकून घेतले. घराघरांत मात्र त्याची धास्ती अजून गेलेली नाही.

ही धास्ती निराधार नाही. चुकीच्या जागी एक क्लिक झाली तर सगळा डेटा जाऊ शकतो. परंतु धोक्याच्या जागा मोजक्या आहेत, आणि त्या आधी कळल्या तर हे काम सुट्टीच्या एखाद्या दुपारी उरकते.

महाराष्ट्रात या विषयाला एक खास बाजू आहे. गावोगावच्या लहान छापखान्यांत आणि डीटीपी केंद्रांत लग्नपत्रिका, संस्थांचे अहवाल, स्मरणिका, पुस्तके यांची जुळणी वर्षानुवर्षे पेजमेकर किंवा कोरलड्रॉमध्ये, श्रीलिपीचे फॉन्ट वापरून होत आली. पेजमेकरची शेवटची मोठी आवृत्ती, ७.०, २००१ साली निघाली. त्या काळच्या फॉन्टची अक्षररचना युनिकोडची नाही, त्यामुळे तो मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला की अक्षरांच्या जागी निरर्थक चिन्हांची रांग दिसते. अशा फायलींची कपाटे ज्यांच्याकडे भरलेली आहेत त्यांना विंडोज सोडून देता येत नाही. टॅलीवर हिशेब ठेवणाऱ्यांचे, ऑटोकॅडवर नकाशे काढणाऱ्यांचे दुखणेही तेच. दुसरीकडे, सुरक्षा अपडेट्स बंद झालेले विंडोज घेऊन बँकेचे व्यवहार करणे म्हणजे धोका ओढवून घेणे.

इथे ड्युअल बूट खरोखर उपयोगी पडते. जुने विंडोज जुन्या कामापुरते ठेवायचे आणि त्याचे इंटरनेट तोडून टाकायचे. बँक, ईमेल, सरकारी संकेतस्थळे, व्हिडिओ, मुलांचा अभ्यास हे सगळे लिनक्समध्ये करायचे, कारण त्याला अपडेट्स मिळत राहतात. एप्रिल २०२४ मध्ये आलेल्या उबुंटू २४.०४ या आवृत्तीला पाच वर्षे अपडेट्स मिळणार आहेत, तीही फुकट. यंत्र एकच राहते, नवा खर्च पेन ड्राइव्हचा.

हे शक्य होते कसे, ते कळण्यासाठी बटण दाबल्यापासून डेस्कटॉप दिसेपर्यंतच्या काही सेकंदांत डोकवावे लागते. प्रोसेसरला विंडोज किंवा लिनक्स यांतले काहीच ठाऊक नसते. पहिल्यांदा जागा होतो तो मदरबोर्डवरच्या चिपमध्ये कायमचा साठवलेला एक छोटा प्रोग्राम. तो मेमरी, कळफलक, डिस्क तपासतो आणि मग डिस्कवर प्रणालीचा शोध घेतो. १९८१ च्या आयबीएम पीसीपासून या प्रोग्रामला बायोस म्हणत आले. १९८३ मध्ये पीसी-डॉस २.० आले, हार्ड डिस्कचा आधार मिळाला आणि डिस्कच्या अगदी पहिल्या ५१२ बाइटांना फार मोठे महत्त्व आले. या जागेला एमबीआर म्हणतात. तिच्यातले ६४ बाइट डिस्कच्या वाटण्यांचा, म्हणजे पार्टिशनांचा, तक्ता ठेवतात, शेवटचे दोन बाइट ओळखीची खूण असतात आणि उरलेल्या ४४६ बाइटांत संगणकाला पुढची वाट दाखवणारा प्रोग्राम बसतो. युटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे एक चिन्ह तीन बाइट घेते, म्हणजे या जागेत मराठीची जेमतेम दीडशे चिन्हे मावतील. एवढ्याशा जागेवर ज्याचा प्रोग्राम लिहिलेला, त्याच्या हाती यंत्र.

जुन्या काळी ड्युअल बूट बिघडायचे ते इथेच. लिनक्सने त्या जागेत आपला वाट दाखवणारा प्रोग्राम, म्हणजे बूटलोडर, ठेवलेला असायचा. नंतर कोणी विंडोज पुन्हा टाकले की ते काही न विचारता त्यावर आपला प्रोग्राम लिहून मोकळे होई. लिनक्स डिस्कवर जसेच्या तसे असे, पण तिकडे जाणारी वाटच पुसलेली. म्हणून ‘आधी विंडोज, मग लिनक्स’ हा नियम तेव्हापासून रूढ झाला आणि आजही तो पाळणे शहाणपणाचे आहे.

२००५ मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि इतर कंपन्यांनी मिळून यूईएफआय ही नवी पद्धत पुढे नेली. २०१२ मध्ये विंडोज ८ आल्यापासून बाजारात येणारे संगणक प्रामुख्याने तिच्यावरच चालतात. या पद्धतीत डिस्कवर एक छोटे स्वतंत्र पार्टिशन असते. विंडोज ते बहुधा १०० एमबीचे करते. त्यात प्रत्येक प्रणालीचे वेगळे फोल्डर असते. एका वाड्यात दोन बिऱ्हाडे राहावीत तशी मायक्रोसॉफ्टची आणि उबुंटूची बूट फाइल तिथे शेजारी शेजारी नांदते. कोणाला आधी उठवायचे, याची यादी मदरबोर्डच्या स्मृतीत असते आणि ती मालकाला बदलता येते. पार्टिशनची जुनी अडचणही संपली. एमबीआरच्या तक्त्यात चारच मुख्य पार्टिशने बसत आणि दोन टीबीच्या पुढची डिस्क त्याला पेलत नसे. नव्या जीपीटी तक्त्यात विंडोज १२८ पार्टिशने ठेवू देते.

लिनक्सच्या बाजूने निवडीचा मेनू दाखवायचे काम सहसा ग्रब नावाचा बूटलोडर करतो. १९९५ मध्ये एरिक बोलेन यांनी तो लिहायला घेतला. लिनक्स बसवताना ग्रब डिस्क धुंडाळतो, विंडोज सापडले की त्याचे नाव आपल्या यादीत घालतो आणि पुढे दर वेळी यंत्र चालू झाले की काही सेकंद ती यादी दाखवतो. बाणाच्या कळीने खालीवर करा, एंटर दाबा. काहीच केले नाही तर यादीतले पहिले नाव आपोआप सुरू होते.

या काही सेकंदांच्या पडद्यावर कोणाचे नाव दिसावे यावरून एकेकाळी कोर्टकचेरी झाली आहे. ॲपलमधून बाहेर पडलेल्या ज्याँ-लुई गासे यांनी १९९० मध्ये ‘बी’ ही कंपनी काढली. तिची बीओएस ही प्रणाली चित्र-ध्वनीच्या कामात फार चपळ होती. १९९० च्या दशकाच्या अखेरीला जपानच्या हिताचीने फ्लोरा प्रियस मालिकेतले काही संगणक विंडोज आणि बीओएस अशा दोन्ही प्रणाली घालून विकायला काढले. पण ग्राहकाने बटण दाबले की थेट विंडोज सुरू होई. बीओएस डिस्कवर असूनही मेनूत नव्हते, ते उघडायचे तर वेगळा खटाटोप करावा लागे. मायक्रोसॉफ्टच्या परवाना करारांनी संगणक उत्पादकांचे हात बांधले होते, त्यामुळे विंडोजच्या शेजारी दुसऱ्या प्रणालीची निवड ते दाखवूच शकत नव्हते, असा ‘बी’चा आरोप होता. फेब्रुवारी २००२ मध्ये कंपनीने खटला भरला. तोवर तिचे तंत्रज्ञान पाम कंपनीने विकत घेतले होते आणि बीओएसचा बाजार संपला होता. सप्टेंबर २००३ मध्ये मायक्रोसॉफ्टने कोणतीही चूक मान्य न करता २ कोटी ३२ लाख ५० हजार डॉलर देऊन प्रकरण मिटवले. एक चांगली प्रणाली लोकांच्या घरात पोहोचूनही त्यांच्या नजरेस पडली नाही. पहिल्या पडद्यावर नाव असणे किती मोलाचे आहे, हे यापेक्षा स्पष्टपणे सांगणारे दुसरे उदाहरण नाही.

ॲपलची गोष्ट याच्या उलट गेली. जानेवारी २००६ मध्ये इंटेलचे प्रोसेसर असलेले मॅक आले आणि त्यांवर विंडोज चालवून दाखवणाऱ्यासाठी हौशी लोकांनी वर्गणी काढून १३ हजार डॉलरहून मोठे बक्षीस लावले. मार्चमध्ये ते जिंकले गेले. एप्रिलमध्ये खुद्द ॲपलनेच बूट कॅम्प हा प्रोग्राम देऊन मॅकवर विंडोजची अधिकृत सोय केली. नोव्हेंबर २०२० मध्ये ॲपलने स्वतःची एम-१ चिप आणली आणि त्या मालिकेतल्या यंत्रांवर ही सोय संपली.

आता प्रत्यक्ष काम.

पहिली गोष्ट बॅकअप, आणि तो बाहेरच्या डिस्कवर. सी ड्राइव्हवरचे फोटो डी ड्राइव्हवर हलवणे म्हणजे बॅकअप नव्हे, कारण दोन्ही बहुधा एकाच डिस्कवर असतात आणि डिस्क पुसली गेली तर दोन्ही जातात. श्रीलिपीच्या फायली असतील तर त्यांच्याबरोबर फॉन्ट आणि सॉफ्टवेअरच्या मूळ सीडी किंवा लॉक कुठे आहे तेही पाहून ठेवावे.

मग लिनक्ससाठी जागा करायची. उबुंटूला किमान २५ जीबी लागतात. रोजच्या वापराला ६० ते १०० जीबी दिले तर पुढे अडचण येत नाही. ही जागा सी ड्राइव्ह आखडून काढायची आणि ते काम विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंट या सोयीतून करायचे, कारण आपल्या फायली कुठे ठेवल्या आहेत हे विंडोजला अचूक ठाऊक असते. पुष्कळांना इथे धक्का बसतो. ड्राइव्हवर दोनशे जीबी मोकळे दिसत असतात आणि विंडोज म्हणते, वीसच आखडता येतील. काही फायली जागेवरून हलवता येत नाहीत हे त्याचे कारण. स्मृती कमी पडली तर वापरायची पेज फाइल, हायबरनेशनची फाइल, रिस्टोअर पॉइंट हे डिस्कच्या मध्येच ठाण मांडून असतात. ते तात्पुरते बंद करावे, संगणक एकदा बंद करून चालू करावा आणि मग आखडावे. बहुतेक वेळा जागा मिळते. मोकळी झालेली जागा तशीच रिकामी सोडायची, तिला विंडोजमधून फॉरमॅट मारायचा नाही.

लिनक्सची आयएसओ फाइल त्या त्या प्रकल्पाच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच उतरवावी. रुफससारख्या छोट्या प्रोग्रामने ती किमान आठ जीबीच्या पेन ड्राइव्हवर लिहावी. पेन ड्राइव्हवरचे आधीचे सगळे पुसले जाते हे लक्षात ठेवावे. नवख्यांना उबुंटू किंवा लिनक्स मिंट यांतले एक निवडणे बरे. चार जीबी रॅमचे जुने यंत्र असेल तर मिंटची एक्सएफसीई आवृत्ती हलकी पडते. संगणक चालू होताना डेल आणि लेनोव्होच्या बऱ्याच लॅपटॉपवर एफ १२, एचपीवर एफ ९ दाबले की कुठून सुरू करायचे ते विचारणारी यादी येते. त्यात पेन ड्राइव्ह निवडायचा.

आता जे दिसते ते या साऱ्या प्रकारातले सर्वांत आश्वासक आहे. लिनक्स डिस्कला हात न लावता पेन ड्राइव्हवरूनच पूर्ण चालू होते. वाय-फाय लागते का, आवाज येतो का, पडद्याचा उजेड कमी-जास्त होतो का, टचपॅड आणि प्रिंटर चालतो का, हे सगळे काहीही बसवण्याआधी पाहून घेता येते. काही वाय-फाय चिपना वेगळा ड्रायव्हर लागतो, ते इथेच कळते. मराठी टायपिंगही तपासावे. इनस्क्रिप्ट कळफलक लिनक्समध्ये आधीपासून असतो. देवनागरीची चिंता नको. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने मुळात बनवलेले लोहित फॉन्ट रेड हॅटने २००४ मध्ये मुक्त परवान्याखाली खुले केले, आणि लिनक्सवर मराठी नीट दिसू लागण्यात त्यांचा वाटा मोठा आहे. ज्या श्रीलिपीच्या फायलींपायी विंडोज सोडता येत नाही, ती श्रीलिपीही मॉड्युलरचीच. जुन्या आणि नव्या दोन्ही मराठी अक्षरांमागे पुण्यातली एकच कंपनी आहे, हे फार थोड्यांना माहीत असते.

सगळे ठीक वाटले तरच पुढे जायचे. लिनक्स बसवताना एक पडदा येतो, आणि तो घाई न करता वाचायचा असतो. एक पर्याय विंडोजच्या शेजारी लिनक्स बसवण्याचा असतो. दुसरा संपूर्ण डिस्क पुसून लिनक्स बसवण्याचा. डेटा गमावल्याच्या कहाण्यांचे मूळ बहुतेक वेळा या दुसऱ्या पर्यायात असते. शेजारी बसवण्याचा पर्याय दिसतच नसेल तर दुसऱ्यावर क्लिक करायचे नाही, थांबायचे. त्याची कारणे ठरावीक असतात. एक म्हणजे विंडोज जुन्या बायोस पद्धतीने बसवलेले आणि पेन ड्राइव्ह नव्या यूईएफआय पद्धतीने चालू केलेला. दोन्हींची पद्धत एकच असावी लागते आणि विंडोजची कोणती ते त्याच्या सिस्टिम इन्फर्मेशनमध्ये लिहिलेले असते. दुसरे कारण इंटेलची आरएसटी ही डिस्क-व्यवस्था, जिच्यामुळे लिनक्सला डिस्कच दिसत नाही. ती बायोसमधून बदलता येते, पण विंडोजला आधी सेफ मोडमध्ये सुरू होण्याची तयारी करून न ठेवता बदलली तर विंडोजच उठायचे नाही. हे ज्याला जमण्यासारखे वाटत नाही त्याने इथे जाणकाराची मदत घ्यावी.

बसवण्याचे काम लवकर आटोपते. खरी सावधगिरी लागते ती आधी आणि नंतर, तीन-चार गोष्टींत.

सर्वांत गंभीर बिटलॉकर, म्हणजे डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय. नव्या लॅपटॉपवर विंडोज ११ असेल तर डिस्क कुलूपबंद असण्याची शक्यता मोठी आहे. २०२४ च्या २४एच२ आवृत्तीपासून नव्याने बसवलेल्या विंडोजमध्ये मायक्रोसॉफ्ट खात्याने प्रवेश केला की हे कुलूप बहुधा आपोआप लागते. मालकाला त्याचा पत्ताही नसतो. मग सिक्युअर बूट किंवा बूटचा क्रम बदलला की विंडोजला संशय येतो आणि ते ४८ अंकी रिकव्हरी की मागते. ती नसेल तर डेटा परत मिळत नाही, दुरुस्तीवाल्यालाही नाही. म्हणून ड्युअल बूटचा विचार मनात आला की पहिल्यांदा मायक्रोसॉफ्ट खात्यात जाऊन ही की शोधावी आणि कागदावर लिहून घरात ठेवावी. ड्युअल बूट करायचे नसले तरी हे करावे.

दुसरी फास्ट स्टार्टअप. विंडोज ८ पासून ‘शट डाउन’ म्हटले तरी विंडोज पुरते बंद होत नाही. आपल्या गाभ्याची स्थिती डिस्कवर लिहून ठेवते, म्हणजे पुढच्या वेळी लवकर सुरू होता येते. अशा अर्धवट अवस्थेतल्या ड्राइव्हवर लिनक्सने काही लिहिले तर फायली बिघडू शकतात, म्हणून लिनक्स त्यावर लिहायला नकार देते. लोकांना वाटते लिनक्स विंडोजच्या डिस्कवर लिहूच शकत नाही. वास्तविक २०२१ मध्ये आलेल्या ५.१५ कर्नलपासून एनटीएफएसवर, म्हणजे विंडोजच्या डिस्क-रचनेवर, लिहिण्याची चांगली सोय लिनक्सच्या गाभ्यातच आहे. कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन फास्ट स्टार्टअप बंद केले की डी ड्राइव्ह दोन्ही बाजूंनी वापरता येतो. उलट दिशा मात्र बंद असते: लिनक्सचे एक्स्ट-४ पार्टिशन विंडोज आपणहून वाचत नाही आणि ‘फॉरमॅट करू का’ असे विचारते. त्याला नेहमी नाही म्हणायचे.

तिसरी गोष्ट घड्याळाची. लिनक्समधून विंडोजमध्ये आल्यावर भारतात घड्याळ नेमके साडेपाच तास मागे पडते. रात्रीचे आठ वाजलेले असतात आणि पडद्यावर दुपारचे अडीच. कारण साधे आहे. मदरबोर्डवरच्या घड्याळात लिनक्स जागतिक प्रमाणवेळ ठेवते, तर विंडोज त्याच घड्याळातली वेळ स्थानिक समजून वाचते. फायलींवर चुकीच्या वेळा पडू लागतात. एका आज्ञेने लिनक्सलाही स्थानिक वेळ ठेवायला सांगता येते. युरोप-अमेरिकेतले जाणकार हा उपाय टाळायला सांगतात, कारण तिथे वर्षातून दोनदा घड्याळे मागेपुढे होतात आणि गोंधळ उडतो. भारतात घड्याळे बदलत नाहीत, त्यामुळे इथे हा उपाय निर्धोक आहे.

आणि चौथी, अपडेट्स. ऑगस्ट २०२४ मध्ये विंडोजच्या एका सुरक्षा अपडेटने जुन्या, असुरक्षित बूटलोडरना मज्जाव करणारी नोंद फर्मवेअरमध्ये घातली. ड्युअल बूट असलेल्या यंत्रांवर ती लागू होणार नाही असे मायक्रोसॉफ्टने सांगितले होते, पण सगळ्या यंत्रांवर ड्युअल बूट ओळखता आले नाही. कितीतरी लोकांचे लिनक्स सुरू होण्याआधीच सुरक्षा-धोरणाचा भंग झाल्याचा संदेश दाखवून थांबले. विंडोज मात्र ठीक चालू होते. काहींनी सिक्युअर बूट तात्पुरते बंद करून, ती नोंद काढून आपली सुटका करून घेतली. मायक्रोसॉफ्टकडून कायमचा उपाय यायला मे २०२५ उजाडले. यातून घ्यायचे ते इतकेच की लिनक्सचा पेन ड्राइव्ह काम झाल्यावर पुसून टाकू नये. वाट अडली तर त्यावरूनच यंत्रात शिरता येते आणि फायली बाहेर काढता येतात.

या कटकटींतल्या बऱ्याच टाळण्याचा एक मार्ग आहे, आणि जमत असेल तर तोच सर्वांत चांगला: दोन प्रणालींना दोन डिस्क. जुन्या लॅपटॉपमध्ये डीव्हीडी ड्राइव्ह असेल तर तो काढून त्या जागी कॅडी बसवता येते आणि तिच्यात दुसरी डिस्क मावते. गावातले दुरुस्तीवाले हे काम नेहमी करतात. मूळ जागी नवी एसएसडी घालून तिच्यावर लिनक्स बसवावे आणि विंडोजची जुनी हार्ड डिस्क कॅडीत जावी. एसएसडीमुळे यंत्राचा वेग इतका वाढतो की ते नवे वाटू लागते. लिनक्स बसवताना विंडोजची डिस्क केबलमधून काढून ठेवली तर चुकूनही तिला धक्का लागत नाही.

ज्याला फक्त लिनक्सच्या आज्ञा शिकायच्या आहेत त्याला ड्युअल बूटची गरजच नाही. २०१६ पासून विंडोजच्या आतच लिनक्स चालवण्याची डब्ल्यूएसएल ही सोय आहे. व्हर्च्युअलबॉक्ससारख्या प्रोग्राममध्ये एका प्रणालीच्या खिडकीत दुसरी उघडते, पण त्याला आठ, शक्यतो सोळा जीबी रॅम हवी. चार जीबीच्या जुन्या यंत्रावर दोन्ही रखडतात. ज्याच्या यंत्रावर विंडोज ११ व्यवस्थित चालते आहे आणि ज्याला दुसऱ्या कशाची गरज भासत नाही, त्यानेही नुसत्या कुतूहलापोटी कामाच्या संगणकाची डिस्क कापू नये. पेन ड्राइव्हवरून लिनक्स पाहावे, तेवढे पुरे.

पुढे कधी लिनक्स काढून टाकायचे झाले तर क्रम महत्त्वाचा. आधी यूईएफआयच्या यादीत विंडोजला पहिल्या जागी आणायचे आणि मगच लिनक्सचे पार्टिशन काढायचे. उलट केले तर ग्रब आपल्या फायली शोधत काळ्या पडद्यावर थांबून राहतो, आणि विंडोज शाबूत असूनही घरचे लोक संगणक मेला असे समजतात.

आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाने लिनक्स आणि इतर मुक्त सॉफ्टवेअरचे दृक्‌श्राव्य पाठ मराठीतही तयार केले आहेत आणि ते फुकट पाहता येतात. विंडोज १० चा लॅपटॉप भंगारात घालण्याआधी किंवा कोणाला चार पैशांत विकण्याआधी एवढे करा: फायली बाहेरच्या डिस्कवर घ्या, एका पेन ड्राइव्हवर मिंट किंवा उबुंटू लिहा आणि काहीही न बसवता त्यावरून आठवडाभर बँक, ईमेल आणि मराठी टायपिंग करून पाहा. जमले, तर मगच डिस्कला हात लावा.